विज्ञानाच्या पुस्तकातलं ‘करून पहा’ वर्गात खरंच करून पाहिलं जातं का?

बालभारतीचं विज्ञानाचं पुस्तक आठवतंय? दर दोन-तीन पानांनंतर एक चौकट यायची. ‘करून पहा’, ‘सांगा पाहू’, ‘जरा डोके चालवा’. आता प्रामाणिकपणे सांगा, त्यातल्या किती गोष्टी तुम्ही खरंच करून पाहिल्या?

आमच्या वर्गात ‘करून पहा’ आलं की सर म्हणायचे, “हे वाचून घ्या घरी. खालची व्याख्या अधोरेखित करा, परीक्षेला येते.” मग पट्टी-पेन्सिल निघायची. वर्ष संपेपर्यंत पुस्तकात अधोरेखित नसलेली ओळ शोधावी लागायची.

पण यात सगळा दोष सरांचा होता का? तेच समजून घेऊया.

एक खिळा, दोन तास

दहावीच्या रासायनिक अभिक्रियांच्या धड्यातला प्रयोग घ्या. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवायचा. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील असतं, त्यामुळे ते द्रावणातल्या तांब्याची जागा घेतं. निळा रंग फिका होत हिरवट होतो आणि खिळ्यावर तांबूस थर बसतो. या प्रकाराला विस्थापन म्हणतात.

एका वर्गात एक मुलगी उतारा मोठ्याने वाचते, शिक्षक तो समजावतात, समीकरण फळ्यावर येतं, मुलं उतरवून घेतात. दहा मिनिटांत विषय संपतो.

दुसऱ्या वर्गात शिक्षिका आधी पुस्तकं मिटायला लावतात. खिळा दाखवून विचारतात, “आता काय होईल?” कोणी म्हणतं गंज चढेल, कोणी म्हणतं विरघळेल. खिळा द्रावणात जातो आणि वाट बघणं सुरू होतं. थर दिसल्यावर प्रश्न येतो, हा थर आला कुठून? मग पुस्तक उघडायचं आणि आपण काय म्हणालो होतो ते ताडून बघायचं. यात एक अख्खा तास जातो.

पुस्तक दोन्हीकडे तेच आहे. पहिल्या वर्गात तो वाचायचा मजकूर आहे, दुसऱ्या वर्गात उत्तर तपासायची जागा.

मग सगळे दुसऱ्यासारखं का शिकवत नाहीत?

पहिलं उत्तर वेळ. तास साधारण 35-40 मिनिटांचा असतो आणि त्यात हजेरीही घ्यायची असते. दुसरं उत्तर परीक्षा. दहावीला विज्ञानाच्या 100 गुणांपैकी 80 लेखी, 40-40 चे दोन पेपर. प्रात्यक्षिकाला 20. त्यातही प्रयोगवही कुणाची तरी बघून कशी पूर्ण होते, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. ‘21 अपेक्षित’ घेऊन बसलेल्या पालकांना खिळ्यावरचा तांबूस थर दाखवून उपयोग नसतो.

तिसरं कारण माणसांचं. शिक्षण हक्क कायदा, 2009 सांगतो की सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताला किमान एक शिक्षक हवा. पण छोट्या शाळेत तोच शिक्षक गणितही घेतो, पोषण आहाराची नोंदही ठेवतो आणि ऑनलाइन माहितीही भरतो. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपचा व्हिडिओ दाखवणं हा मग मधला मार्ग होतो. काहीच न दाखवण्यापेक्षा बरं, पण व्हिडिओतला खिळा कधी चुकत नाही.

चौथं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं, आणि ते पुस्तकातच आहे. प्रयोगाची कृती संपते आणि पुढच्या काही ओळींत काय घडतं तेही छापलेलं असतं. उत्तर समोरच असेल तर करून कोण बघणार?

उत्तरं नसलेलं पुस्तक

यावर उपाय शोधून झालेला आहे, तोही आपल्या शेजारी. 1972 मध्ये मध्य प्रदेशात, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 16 शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. त्याच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत प्रयोग होते, प्रश्न होते, पण उत्तरं नव्हती. मुलं गटाने प्रयोग करायची, निरीक्षणं वहीत लिहायची आणि वर्गात त्यावर वाद घालायची. शाळांना साहित्याचे संच मिळत, शिक्षकांचं प्रशिक्षण होई. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा होती, सोबत प्रात्यक्षिकही असे. म्हणजे पुस्तक बदललं, तशी परीक्षाही बदलली. पुढे एकलव्य संस्थेने हे काम शेकडो शाळांपर्यंत नेलं. 2002 मध्ये राज्य सरकारने ते बंद केलं.

आणि भाषा?

आपल्याकडे आणखी एक गाठ आहे, सेमी-इंग्रजीची. घरात मोरचूद, पुस्तकात कॉपर सल्फेट, तेही इंग्रजी वाक्यात. अशा वर्गात बराचसा तास पुस्तकाचं मराठी करण्यात जातो. शिक्षक दुभाषी होतात. मराठी माध्यमातही ‘विस्थापन’ हा शब्द मुलाला परकाच असतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने, म्हणजे 1974 पासून काम करणाऱ्या संस्थेने, पुस्तकी भाषा हाच मुलांपुढचा अडसर ठरतो का, याचा अभ्यास फार पूर्वीच केला होता.

खिळ्याचा प्रयोग बघितलेल्या मुलाला मात्र शब्द नंतर मिळाला तरी चालतो. त्याच्याकडे आधीच सांगायला काहीतरी असतं.

तुमच्या घरात दहावीचं कोणी असेल तर मोरचूद कृषी सेवा केंद्रात मिळतं, द्राक्षवाले बोर्डो मिश्रणासाठी नेतात तेच. ते विषारी असतं, म्हणून काचेचं वेगळं भांडं घ्या, हात धुवा आणि लहान भावंडांना लांब ठेवा. पुस्तक मिटलेलं असू द्या आणि खिळा टाकण्याआधी विचारा, काय होईल?