बोहल्यावरचं हसू

1905 च्या सुमारास वऱ्हाडातले एक वकील मराठी माणसाला त्याच्याच लग्नकार्यांवर आणि सणवारांवर हसायला शिकवत होते. ते म्हणजे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारा हा विनोदकार नाटककारही होता, आणि या दोन भूमिका वेगळ्या काढता येत नाहीत.

रंगभूमीने वाट आधीच करून दिली होती. देवलांच्या ‘शारदा’ नाटकात (1899) म्हातारा भुजंगनाथ बोहल्यावर चढायला निघतो, मुलीचा बाप कांचनभट पैशाला भुलतो आणि मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित सौदा जुळवून देतो. प्रेक्षक पोट धरून हसतात, पण शारदा समोर आली की तेच हसू घशात अडकतं. विनोदाची खरी ताकद इथे आहे.

कोल्हटकरांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी हाच विषय थेट घरात आणला. त्यांच्या विनोदी लेखांत ठकी नावाच्या मुलीच्या लग्नासाठी बाळकराम आणि मंडळी वरसंशोधनाला निघतात, आणि मुलीच्या बापाची सगळी दमछाक वाचकाला आपल्याच आळीतली वाटते.

मग हे सारं रेषेत उतरलं. लाहोरला सातवळेकरांकडे चित्रकला शिकलेले शंकरराव किर्लोस्कर 1920 पासून किर्लोस्करवाडीहून मासिक काढू लागले. जुन्या रूढींवर त्यांनी स्वतः व्यंगचित्रं काढली. ‘टाकांच्या फेकी’ हा त्यांचा संग्रह.