रामकुंडावरच्या गर्दीला संदेश कसा पोचावा?

२७ ऑगस्ट २००३ला नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा जीव गेला. तेव्हा मोबाइल मोजक्यांकडे होता, आता बहुतेकांच्या खिशात आहे. तरीही पर्वणीच्या दिवशी पंचवटीत रामकुंडावर स्नानाला लोटलेल्या लाखोंना ‘पुढे येऊ नका’ एवढंच मिनिटभरात सांगायचं असेल, तर एसएमएसवर भिस्त ठेवणं धोक्याचं आहे. एसएमएस माणसाला शोधत जातो. तो आधी संदेश-केंद्रात साठतो. केंद्र एचएलआर या ग्राहकांच्या मूळ नोंदवहीला विचारतं, की हा नंबर सध्या कोणत्या एक्स्चेंजच्या हद्दीत आहे. मग ते एक्स्चेंज अनेक टॉवरांवरून त्या फोनला हाक घालतं आणि फोनने ओ दिली, की संदेश उतरतो. एकट्या माणसासाठी ही मोठी काटकसर आहे, कारण फोनचा ढोबळ ठावठिकाणा तेवढा नोंदवून ठेवायचा आणि नेमका टॉवर गरज पडल्यावर शोधायचा. लाखभर माणसांसाठी मात्र लाखभर हाका आणि लाखभर उत्तरं होतात, तीही त्याच मोजक्या टॉवरांवरून, जिथे आधीच जो तो घरच्यांना फोन लावत असतो.

याला पर्याय असलेली सेल ब्रॉडकास्ट ही सोय नंबर विचारतच नाही. टॉवर एकदा बोलतो आणि त्याच्या कक्षेतला प्रत्येक फोन ऐकतो. फोन दहा असोत वा दहा हजार, टॉवरवरचा भार तेवढाच. जुन्या मोबाइलच्या पडद्यावर आपण असू त्या भागाचं नाव उमटायचं, ते याच सोयीने. २०२३मध्ये दूरसंचार विभागाने देशभर फोन मोठ्याने वाजवून तिची चाचणी घेतली. यंत्रणा सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची होती.

यावर एक आक्षेप गंभीर आहे: टॉवरच्या कक्षेला घाटाच्या पायऱ्या कळत नाहीत. रामकुंडासाठीचा इशारा जवळच्या रविवार कारंज्यावरही वाजेल आणि घबराट पसरेल. पण चेंगराचेंगरीत जीवघेणा रेटा मागून येतो, पुढे काय झालंय हे ठाऊक नसलेल्यांकडून. थांबायला हवं ते त्यांनीच, म्हणून इशारा मागे पोचणं हा इथे दोष नाही. घबराटीची भीती मात्र खरी आहे आणि तिच्यावर उपाय मजकुरात आहे. नुसतं ‘धोका’ म्हणणारा संदेश घातक ठरेल; कुठे थांबायचं, कोणत्या रस्त्याने वळायचं, हे त्यात हवं, आणि ते २०२७च्या पर्वण्यांआधी ठरवून, लिहून, तपासून ठेवायला हवं. देवनागरीत जागाही कमी मिळते: एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, तर आपली काना-मात्रा धरून ७०, ब्रॉडकास्टच्या एका पानावर त्याहून कमी, फक्त पानं १५पर्यंत जोडता येतात. अर्थात ब्रॉडकास्टने सगळं भागणार नाही: हरवलेल्या एकेकाला शोधायला एसएमएस आणि फोनच लागतील. ज्यांचा फोन बंद पडला आहे किंवा ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी घाटावरचे भोंगेही तोच मजकूर त्याच क्षणी बोलले पाहिजेत.