सेप्सिसचा रिपोर्ट घड्याळ बघून वाचायचा असतो

चाकण, म्हाळुंगे, भोसरी भागातल्या कारखान्यांत प्रेसवर किंवा कटिंगवर काम करताना हाताला जखम होणं नवीन नाही. टाके पडतात, धनुर्वाताचं इंजेक्शन होतं आणि बहुतेक जखमा भरून येतात. पण समजा, तिसऱ्या दिवशी त्याच कामगाराला हुडहुडी भरून ताप आला, धाप लागली, लघवी कमी झाली आणि तो असंबद्ध बोलू लागला. मग प्रश्न एकट्या हाताचा राहत नाही. जंतूंशी लढता लढता शरीराचा स्वतःचा प्रतिसादच बेताल होतो आणि मूत्रपिंडं, फुप्फुसं, मेंदू यांचं काम बिघडायला लागतं. हाच सेप्सिस. ‘लॅन्सेट’मध्ये २०२० साली आलेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगभर सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना तो झाला आणि १ कोटी १० लाख दगावले.

रुग्ण आयसीयूत गेला की नातेवाइकांच्या हातात रिपोर्ट पडू लागतात. सीबीसी ओळखीची असते. लॅक्टेट, सीआरपी आणि पीसीटी ही नावं मात्र नवी असतात, आणि त्यांच्यापुढे ठळक अक्षरांत ‘हाय’ छापलेलं असतं. घरची माणसं घाबरतात ती तिथेच. या तिन्ही तपासण्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, आणि ‘सेप्सिस आहे की नाही’ याचं उत्तर त्यांतली एकही एकटी देत नाही.

सगळ्यात आधी बघायचं ते लॅक्टेट. पेशींना रक्तपुरवठा कमी पडला की त्या ऑक्सिजनशिवाय साखर जाळतात आणि त्यातून लॅक्टेट साचतं. सेप्सिसमध्ये शरीराला बसलेला ताण आणि यकृताची मंदावलेली गतीही त्यात भर घालते. रक्तदाब अजून बरा दिसत असतानाही हा आकडा चढलेला असू शकतो, म्हणून त्याचं मोल मोठं. साधारण २ मिलीमोल प्रति लिटरच्या वर गेला की डॉक्टर सावध होतात आणि दोन ते चार तासांत तो पुन्हा तपासतात. सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू केल्यावर ४.५ चा ३ झाला, तर उपचार लागू पडतोय. ३ चा ५ झाला, तर काहीतरी हातातून निसटतंय: जखमेत पू साठलेला असेल, रक्तदाबाचं औषध वाढवावं लागेल. मशीनवरच्या गेजचंही असंच असतं, काटा कुठे आहे याइतकंच तो कुठल्या दिशेने सरकतोय हे बघावं लागतं.

लॅक्टेटसाठी घेतलेला रक्ताचा नमुना नाजूक असतो. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला किंवा नळी तासभर टेबलावर पडून राहिली, तर आकडा खोटाच वाढतो. म्हणून रक्त फ्लोराइडच्या करड्या बुचाच्या नळीत घेऊन लगेच लॅबला पाठवतात, किंवा आयसीयूतल्या एबीजी मशीनवरच (रक्तातले वायू मोजणारं यंत्र) तपासतात. काही लॅब हाच आकडा मिलिग्रॅममध्ये देतात. तिथे १८ लिहिलेलं असलं तर ते २ मिलीमोलच असतं. आकड्यापुढचं एकक वाचल्याशिवाय दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवू नयेत.

एबीजी मशीन नसलेल्या छोट्या नर्सिंग होमसाठी एक फार उपयोगाची मोजणी आहे. बोटाच्या पेरावर काचपट्टीने दहा सेकंद दाब द्यायचा, सोडायचा आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर टोकापर्यंत रक्त नीट पोचत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत या साध्या मोजणीवर चालवलेले उपचार लॅक्टेटवर चालवलेल्या उपचारांपेक्षा कमी ठरले नाहीत. ही मोजणी प्रत्येक कॅज्युअल्टीत रोज व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

सीआरपी, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, सर्वांत जुनी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये १९३० साली हे प्रथिन सापडलं. यकृत ते तयार करतं, पण सावकाश: वाढायला सहा-आठ तास, शिखराला जायला दोनेक दिवस. शिवाय नुसत्या चेचलेल्या हातानेही ते वाढतं. आपल्या कामगाराच्या बाबतीत एकट्या सीआरपीवर विसंबून चालणार नाही.

पीसीटी म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन. निरोगी माणसात थायरॉइडच्या काही पेशी ते बनवतात आणि रक्तात त्याचा जेमतेम अंश असतो. बॅक्टेरियांचा संसर्ग बळावला की यकृत, फुप्फुसं, आतडी असे भलतेच अवयव ते बनवू लागतात, आणि चार-सहा तासांत पातळी चढते. विषाणूंच्या तापात शरीर जो इंटरफेरॉन सोडतं तो ही निर्मिती दाबतो, त्यामुळे तिथे पीसीटी सहसा कमी राहतं. फ्रेंच संशोधकांनी १९९३ साली हा संबंध दाखवला. मात्र मोठा अपघात, भाजणं, शस्त्रक्रिया, किडनी निकामी होणं आणि मलेरियातही ते वाढतं.

म्हणून आजच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे पीसीटीवर ठरवू नका. सेप्टिक शॉकची, म्हणजे सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळल्याची, शंका असेल तर पहिला डोस तासाभरात जायला हवा. त्याआधी ब्लड कल्चरसाठी रक्त घ्यावं, पण त्यासाठी औषध रखडू नये. जंतू कोणता आणि कुठलं औषध त्याला मारतं हे कल्चरच सांगतं, फक्त त्याला एक-दोन दिवस लागतात.

पीसीटी खरं कामाला येतं ते औषध थांबवताना. बरं होऊ लागल्यावर ते दर दिवशी साधारण निम्मं होत जातं. नेदरलँड्समधल्या २०१६ च्या अभ्यासात ते शिखरापासून ८० टक्के उतरलं किंवा ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरपर्यंत आलं, की अँटिबायोटिक थांबवण्याचा सल्ला दिला जाई. त्याने दिवस वाचले आणि मृत्यू वाढले नाहीत. ब्रिटनमधल्या २०२४ च्या अ‍ॅडाप्ट-सेप्सिस चाचणीत रोज पीसीटी मोजल्याने औषधाचा काळ सरासरी जवळजवळ एका दिवसाने कमी झाला. सीआरपी मोजून तो फायदा मिळाला नाही. एक दिवस ऐकायला थोडा वाटतो. पण ज्या पिंपरीत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली स्थापन झाली आणि पुढे पेनिसिलिन बनू लागलं, तिथल्या माणसांना या औषधांची किंमत वेगळी सांगायला नको. गरज नसलेला प्रत्येक डोस उरलेल्या जंतूंना निबर करतो.

याला अपवाद आहेत. हाडात किंवा हृदयाच्या झडपेत संसर्ग दडलेला असेल, तर पीसीटी उतरूनही औषध काही आठवडे चालू ठेवावं लागतं. त्यामुळे घरच्यांनी रिपोर्ट बघून गोळ्या बंद करू नयेत.

चाकणहून रुग्णाला पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात किंवा पुण्याला हलवायचं झालं, तर १०८ ची गाडी येईपर्यंत एक काम उरकून घ्यावं. पहिलं लॅक्टेट किती आणि ते किती वाजता घेतलं, कल्चर घेतलं का, अँटिबायोटिकचा पहिला डोस कोणता आणि किती वाजता दिला, हे रेफरलच्या चिठ्ठीवर लिहून मागावं. पुढच्या डॉक्टरांचा दुसरा आकडा त्या पहिल्या आकड्याशीच ताडून बघायचा असतो.