अंगवळणी पडायला किती दिवस लागतात?

स्वयंपाकघरातला साखरेचा डबा एका फळीवरून दुसऱ्या फळीवर हलवून पाहा. डबा कुठे ठेवलाय हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, तरी चहा करताना हात जुन्याच फळीकडे जातो. एकदा नव्हे, कितीतरी दिवस. ठाऊक असणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं, हे आपल्या भाषेनं केव्हाच ओळखलंय. मेंदूत त्या वेळी नेमकं काय घडतं, हे मात्र गेल्या काही दशकांतच कळू लागलं.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत अ‍ॅन ग्रेबिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या बोळात सोडलं. दार उघडलं की पळायचं, आवाजाच्या खुणेनुसार डावीकडे किंवा उजवीकडे वळायचं आणि टोकाला ठेवलेलं चॉकलेट खायचं. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या ‘स्ट्रायटम’ या भागातल्या पेशींचे संदेश शास्त्रज्ञ टिपत होते. नवख्या उंदराच्या या पेशी सबंध वाटभर कामात असत. वाट अंगवळणी पडल्यावर त्या मुख्यतः दोनदाच जाग्या होऊ लागल्या, पळायला सुरुवात करताना आणि खाऊपाशी पोहोचताना. मधल्या सगळ्या हालचालींचं मेंदूनं जणू एकच गाठोडं बांधलं होतं. रोज स्कूटर काढताना स्टँड, किल्ली, ब्रेक यांचा आपण वेगळा विचार करत नाही, त्याचं कारण हेच.

हे गाठोडं बांधायला किती दिवस लागतात? ‘२१ दिवस’ हे उत्तर आपण अनेकदा ऐकलेलं असतं. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडतो. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा स्वतःचा वाटायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे ‘किमान’ गळालं, चेहरा गळाला आणि उरला तो नुसता आकडा.

प्रत्यक्ष मोजणी केली ती युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ९६ जणांनी प्रत्येकी एक नवी कृती निवडली. कुणी जेवणाबरोबर फळ खायचं ठरवलं, कुणी पाणी प्यायचं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी धावायचं. ८४ दिवसांच्या नोंदींवरून त्यांनी सवय पुरती रुळायला लागणारा काळ काढला. मधला आकडा आला ६६ दिवस, पण माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. पाणी पिण्यासारखी साधी कृती लवकर रुळली, व्यायामाला जास्त वेळ लागला. सर्वांत दिलासा देणारा निष्कर्ष असा, की एखादा दिवस चुकल्यानं सवय जडण्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

मग फरक कशानं पडतो? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डेव्हिड नील, वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रपटगृहातल्या प्रेक्षकांना पॉपकॉर्न वाटले. काहींना ताजे, काहींना आठवड्याचे शिळे. चित्रपट बघताना पॉपकॉर्न खायची ज्यांना पक्की सवय होती, त्यांनी ताज्याइतकेच शिळेही फस्त केले. ते चवीला वाईट आहेत, हे त्यांना कळत होतं. पण सभेच्या खोलीत बसवून गाण्यांचे व्हिडिओ दाखवले, तेव्हा याच सवयीच्या लोकांनी शिळे पॉपकॉर्न फारसे खाल्ले नाहीत. खायला लावत होती ती जागा.

याच गोष्टीचा चांगला उपयोगही करता येतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी ‘जर-तर’ पद्धतीचे बेत अभ्यासले. नुसतं ‘व्यायाम करेन’ म्हणायचं नाही. ‘सकाळचा चहा झाला की चप्पल घालून मैदानाला एक फेरी मारेन’ असं ठरवायचं. ब्रिटनमधल्या २००२ सालच्या एका अभ्यासात व्यायामाचं महत्त्व फक्त समजावून सांगितलेल्या गटातल्या ३५ टक्के विद्यार्थ्यांनी एका ठरावीक आठवड्यात व्यायाम केला. ज्यांनी त्याबरोबर वार, वेळ आणि ठिकाणही लिहून काढलं, त्यांच्यात हे प्रमाण ९१ टक्के होतं.

जुन्या सवयींचं काय? ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेनं २००५ साली दाखवलं, की खाऊ बंद केल्यावर उंदरांच्या मेंदूतला सवयीचा ठसा मावळतो, पण खाऊ परत येताच तोही परततो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, त्यात इतकं तथ्य आहे. म्हणून जुन्या सवयीशी रोज झुंजण्यापेक्षा तिला जागं करणारी खूण दूर करावी. रात्री उशाशी असणारा मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा. व्यसनाची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिथे डॉक्टरांची मदत घ्यायलाच हवी.

नवा संकल्प आठव्या दिवशी मोडला की आपण स्वतःला आळशी ठरवतो, मुलांना ‘तुला वळणच नाही’ म्हणून मोकळे होतो. हा अन्याय आहे. वळण लागायला वेळ लागतो, आणि जागा व वेळ ठरलेली असावी लागते. तेव्हा एकच छोटी गोष्ट निवडा, ती रोजच्या एखाद्या कामाला बांधा आणि निदान दोन-तीन महिने तिला द्या. आज चुकली, तर उद्या त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा करा.