डिझेल मोटार : दोष गाळणीचा कीं सेन्सरचा?

भारतांत १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, व तेव्हांपासून डिझेल मोटारींच्या धूर-नळींत काजळी अडविणारी गाळणी बसूं लागली. गाळणीच्या अलीकडील व पलीकडील दाबांतील फरक एक लहानसा सेन्सर मोजतो. त्यास दोन बारीक नळ्या जोडलेल्या असतात. फरक वाढला म्हणजे गाळणी तुंबत चालली, असें मोटारीचा संगणक समजतो.

म्हणूनच इशाऱ्याचा दिवा लागतांच गाळणी बदलण्याची घाई करूं नये. गाळणी फार महाग. सेन्सर तिच्या मानानें स्वस्त, आणि रबरी नळी तर क्षुल्लक किंमतीची.

पारख अशी करावी. इंजिन थंड असतां नळ्या चिरल्या, निसटल्या वा काजळीनें बुजल्या आहेत काय, तें प्रथम पाहावें. नंतर स्कॅनर जोडून, चावी चालू पण इंजिन बंद ठेवून, दाबाचा आंकडा वाचावा. धूरच वाहत नसतां दाबांत फरक कोठून येणार? आंकडा शून्याजवळ नसल्यास दोष सेन्सरचा किंवा तारांचा समजावा. पुढें इंजिन सुरू करून वेग वाढवितांना आंकडा क्रमानें चढला पाहिजे. नळ्या शाबूत असून तो हालतच नसेल, तर सेन्सरविषयीं संशय घ्यावा. शून्य बरोबर, नळ्या मोकळ्या, आणि तरीही आंकडा बेताबाहेर चढतो, तरच गाळणी तुंबली असें मानावें.

शेतकरी बंधूंनीं मिस्त्रीपाशीं आधीं हे आंकडे मागावे. पैसे मागाहून मोजावे.