विश्लेषण : स्वतःचा ऑनलाइन नकाशा आता कोणालाही करता येतो, मग चुकते कुठे?

उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आधी कोणत्या वस्तीवर पाठवायचा, हे ठरवताना ग्रामपंचायतीला नकाशाची गरज भासते. मोबाइलमधल्या नकाशावर गावचा रस्ता, शाळा, मंदिर, एखादे किराणा दुकानही सापडते. पण कोणती विहीर फेब्रुवारीतच तळाला जाते, कोणता हापसा नादुरुस्त आहे, धनगरवाड्यापर्यंत टँकर चढतो की नाही, यातले काही त्यावर नसते. ही माहिती गावातल्या माणसांना तोंडपाठ असते किंवा कार्यालयातल्या वहीत पडून असते. ती नकाशावर आणण्यासाठी पूर्वी तज्ज्ञ आणि महागडे सॉफ्टवेअर लागायचे. आता संगणक, इंटरनेट आणि एक्सेलचा साधा तक्ता एवढ्यावर काम भागते. मात्र नकाशा नेटका दिसला की त्यावरची चूकही खरी वाटू लागते. त्यामुळे हा नकाशा कसा तयार होतो आणि तो करताना कोणती काळजी घ्यावी, हे समजून घेणे आवश्यक आहे.

ऑनलाइन नकाशा म्हणजे नेमके काय?

पडद्यावर एकसंध दिसणारा नकाशा प्रत्यक्षात दोन भागांचा असतो. तळाशी रस्ते, नद्या, गावांची नावे दाखवणारा पायाभूत नकाशा असतो आणि त्यावर माहितीचे पारदर्शक थर असतात. पायाभूत नकाशा चौकोनी तुकड्यांत साठवलेला असतो. सर्वांत दूरच्या पातळीवर अख्खे जग एका तुकड्यात मावते. एक पातळी जवळ गेले की त्याचे चार तुकडे होतात, पुढे सोळा. इमारती वेगवेगळ्या दिसू लागतात त्या अठराव्या पातळीवर ही संख्या सुमारे ६,८७२ कोटींवर जाते. पडद्यावर लागतात तेवढेच तुकडे मागवले जात असल्याने साध्या मोबाइलवरही नकाशा चटकन उघडतो.

यातला पायाभूत नकाशा दुसऱ्या कोणीतरी तयार केलेला असतो. विहिरी, हापसे, टँकरचे थांबे यांचा थर मात्र नकाशा करणाऱ्याचा स्वतःचा असतो. त्यातल्या बरोबर-चूक नोंदींची जबाबदारीही त्याचीच असते.

त्यासाठी कोणती साधने उपलब्ध आहेत?

सर्वाधिक परिचित साधन म्हणजे २००७ मध्ये सुरू झालेले ‘गुगल माय मॅप्स’. जीमेलचे खाते असले की ते विनामूल्य वापरता येते. एका नकाशात जास्तीत जास्त दहा थर ठेवता येतात आणि एका थरात दोन हजारांपर्यंत नोंदी आणता येतात. एखाद्या गावासाठी, गणेश मंडळांच्या यादीसाठी किंवा सहलीच्या आखणीसाठी एवढी मर्यादा पुरेशी आहे. दुसरा पर्याय ‘यूमॅप’चा. तो ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मुक्त नकाशावर आधारित आहे. त्यात खाते न उघडताही नकाशा करता येतो. मात्र अशा वेळी बदल करण्यासाठी मिळणारी गुप्त लिंक जपून ठेवावी लागते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे (इस्रो) ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ पासून उपग्रह प्रतिमा आणि विषयवार नकाशे दाखवते. पाणलोटाचे क्षेत्र काढणे किंवा दोन थरांचे गणिती विश्लेषण करणे, अशी कामे असतील तर ‘क्यूजीआयएस’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर संगणकावर घ्यावे लागते. पण ते शिकायला वेळ द्यावा लागतो.

नकाशा तयार कसा करायचा?

काम नकाशापासून नव्हे, तक्त्यापासून सुरू करावे. पाणीस्रोतांचे उदाहरण घेतले तर प्रत्येक स्रोतासाठी एक ओळ आणि त्यात ठरावीक रकाने असावेत : स्रोताचे नाव, प्रकार (विहीर, हापसा, टाकी), अक्षांश, रेखांश, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरते आणि पाहणीची तारीख. अक्षांश-रेखांशासाठी स्रोतापाशी उभे राहून मोबाइलवर जागा पाहिली तरी चालते. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची अचूकता साधारण पाच मीटरपर्यंत असते. दाट झाडी, उंच भिंती किंवा डोंगरकपारीत ती घटते.

हा तक्ता एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल म्हणून माय मॅप्समध्ये आयात करता येतो. जागा कोणत्या रकान्यावरून ओळखायची आणि खुणेला कोणते नाव द्यायचे, हे साधन विचारते. उत्तर दिले की सर्व खुणा एकदम नकाशावर उमटतात. त्यानंतर ‘प्रकार’ किंवा ‘महिना’ या रकान्यानुसार खुणांचे रंग आपोआप बदलता येतात. टँकरचा मार्ग रेषेने आणि वस्तीची हद्द आकृतीने दाखवता येते. हे संपादन संगणकावर करावे लागते. तयार नकाशा मात्र मोबाइलवर पाहता येतो आणि कागदावर छापताही येतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फाइल एकदा आयात केली की तिचा मूळ तक्त्याशी संबंध तुटतो. एक्सेलमध्ये दुरुस्ती केली म्हणून माय मॅप्सवरचा नकाशा बदलत नाही. फाइल पुन्हा आयात करावी लागते. यूमॅपमध्ये मात्र इंटरनेटवर ठेवलेल्या फाइलचा पत्ता देऊन ताजी माहिती दाखवण्याची सोय आहे.

सर्वाधिक चुका कुठे होतात?

पहिली चूक अक्षांश आणि रेखांश यांच्या अदलाबदलीची. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५२ आणि रेखांश ७३.८६ आहे. हे आकडे उलटे भरले तर पुण्याची खूण नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक भागातील समुद्रात जाऊन पडते. ही चूक निदान लगेच दिसते. गोंधळाचे कारण असे की गुगलच्या शोधपट्टीत आधी अक्षांश लिहितात, तर केएमएल आणि जिओजेसन या नकाशांच्या फाइलींमध्ये आधी रेखांश असतो.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. अक्षांश-रेखांश न देता नुसता पत्ता दिला तर साधन स्वतःच जागा शोधते. महाराष्ट्रात वडगाव नावाची गावे किती तरी आहेत : मावळातले वडगाव, पुण्याजवळचे वडगाव बुद्रुक, कोल्हापूर जिल्ह्यातले पेठ वडगाव. तक्त्यात नुसते ‘वडगाव’ लिहिले तर खूण भलत्याच तालुक्यात पडू शकते आणि ती तिथे अगदी बरोबर असल्यासारखी दिसते. म्हणून गावापुढे तालुका आणि जिल्हा लिहावा. शक्य असेल तिथे अक्षांश-रेखांशच द्यावेत.

तिसरी चूक तारखेची. मार्चमध्ये भरलेली विहीर मेमध्ये कोरडी असू शकते. नकाशावर मात्र तिची निळी खूण तशीच राहते. त्या खुणेवर विसंबून टँकरचा क्रम लावला, तर ज्या वस्तीवर पाणी संपले आहे तीच यादीत मागे पडते. नकाशा कोणत्या तारखेच्या पाहणीवर आधारित आहे, हे त्याच्या शीर्षकातच असायला हवे. पाहणी न झालेल्या स्रोतांसाठी वेगळा, करडा रंग वापरावा. रिकामी जागा दिसली की ‘तिथे अडचण नाही’ असा अर्थ वाचणारा काढतो. प्रत्यक्षात तिथे कोणी गेलेलेच नसते.

पायाभूत नकाशावर वस्तीच नसेल तर?

वाड्या-वस्त्यांबाबत हा अनुभव नेहमीचा आहे. अशा वेळी ओपनस्ट्रीटमॅपचा उपयोग होतो. ब्रिटनमध्ये २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पात कोणीही खाते उघडून रस्ता, वस्ती किंवा विहीर नोंदवू शकते. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये भूकंप झाला, तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा तपशीलवार डिजिटल नकाशा उपलब्ध नव्हता. जगभरातल्या शेकडो स्वयंसेवकांनी उपग्रह प्रतिमांवरून तिथले रस्ते, पडलेल्या इमारती आणि निर्वासितांच्या छावण्या नकाशावर आणल्या. बचाव पथकांनी तोच नकाशा आपल्या जीपीएस यंत्रांत भरून घेतला.

मात्र इथे काय भरायचे, याला मर्यादा आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर कायमस्वरूपी आणि कोणालाही पडताळता येतील अशा गोष्टी नोंदवाव्यात. वस्ती, पायवाट, विहीर यांच्या नोंदी तिथे योग्य ठरतात. ‘या आठवड्यात टँकर आला नाही’ ही नोंद मात्र स्वतःच्या थरातच ठेवावी. तसेच गुगलच्या नकाशावर पाहून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये नोंद करणे परवान्यात बसत नाही. स्वतः पाहिलेली किंवा परवानगी असलेल्या प्रतिमांवरून घेतलेली माहितीच तिथे चालते. त्यावर आधारित नकाशा प्रसिद्ध करताना ‘ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ असा श्रेयनिर्देश करणे बंधनकारक आहे.

आपला नकाशा कोणाकोणाला दिसतो?

माय मॅप्सवरचा नवा नकाशा सुरुवातीला फक्त करणाऱ्यालाच दिसतो. पुढे ठरावीक व्यक्ती, लिंक असलेले सर्व जण किंवा संपूर्ण जग, असे पर्याय निवडता येतात. अडचण ‘लिंक असलेले सर्व जण’ या पर्यायात होते. व्हॉट्सॲपवर एकदा टाकलेली लिंक कोणाकोणापर्यंत जाईल, हे सांगता येत नाही. पाहण्याऐवजी संपादनाची परवानगी दिली गेली, तर लिंक मिळालेली कोणतीही व्यक्ती खुणा हलवू किंवा पुसू शकते.

माहितीचे नाव काढून टाकले तरी जागा बोलते. ‘स्ट्रावा’ या व्यायामाच्या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये वापरकर्त्यांच्या धावण्याचे मार्ग एकत्र करून जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते. तरी जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूसर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिले, की सीरिया आणि अफगाणिस्तानसारख्या देशांत लष्करी तळांभोवती धावणाऱ्या सैनिकांच्या वाटा त्यावर स्पष्ट उमटल्या आहेत.

गावपातळीवरही धोका याच प्रकारचा आहे. ज्यांच्या दारापर्यंत पाणी पोहोचवावे लागते, अशा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरे टँकरचालकाला माहीत असायला हवीत, साऱ्या जगाला नव्हेत. यासाठी दोन स्वतंत्र नकाशे करावेत : घरांचा नकाशा मोजक्या व्यक्तींसाठी आणि वस्त्यांचा सर्वांसाठी. सार्वजनिक नकाशात अक्षांश-रेखांशाचे दशांश स्थळ कमी करण्याचाही उपाय आहे. पाच दशांश स्थळांपर्यंतचा आकडा सुमारे एक मीटरपर्यंत नेमकी जागा सांगतो. तीन स्थळे ठेवली तर ती सुमारे ११० मीटरपर्यंत ढोबळ होते आणि दोन ठेवली तर सुमारे एक किलोमीटरपर्यंत.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी भू-स्थानिक माहितीविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज उरलेली नाही. संवेदनशील ठिकाणांच्या तपशिलांबाबतचे निर्बंध मात्र कायम आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणही अधिसूचित झाले.

देशाच्या सीमांबाबत मात्र सवलत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केल्यास १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमानुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ऑनलाइन साधन वापरताना हा नियम नकळत मोडला जाऊ शकतो. गुगल वेगवेगळ्या देशांत सीमारेषा वेगवेगळ्या दाखवते. परदेशातून घेतलेल्या चित्रात जम्मू-काश्मीरची सीमा तुटक रेषेने दिसू शकते. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्यक्ष ताबा पाहून रेषा आखल्या जातात. गाव किंवा तालुक्याचा नकाशा छापताना हा प्रश्न सहसा येत नाही. पण संपूर्ण भारत दिसणार असेल, तर सीमारेषा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडून घेणे आवश्यक ठरते.

केलेला नकाशा किती काळ टिकतो?

विनामूल्य सेवा कायम राहील, याची हमी नसते. तक्त्यांवरून नकाशे करण्यासाठी पत्रकार आणि संशोधक ज्यावर अवलंबून होते, ती गुगलची ‘फ्युजन टेबल्स’ ही सेवा २००९ मध्ये सुरू झाली आणि ३ डिसेंबर २०१९ रोजी बंद झाली. तिच्यावरचे नकाशेही दिसेनासे झाले. ज्यांनी मूळ तक्ते जपले होते, त्यांना ते दुसरीकडे पुन्हा उभे करता आले.

म्हणून नकाशा पूर्ण झाला की त्याची केएमएल प्रत उतरवून घ्यावी आणि मूळ तक्ता तारखेसह वेगळा जपावा. नकाशा एका कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक जीमेलवर केला असेल तर त्याची बदली होताच कार्यालयाला तो हाताळता येत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या नावाचे खाते असावे आणि संपादनाचा अधिकार किमान दोघांकडे असावा. पुढच्या उन्हाळ्यात नवा माणूस त्या खुर्चीवर बसला तरी कोणती विहीर कधी आटते, हे त्याला पहिल्यापासून शोधत बसावे लागणार नाही.