तोल आणि वजन : लिव्हर रायफलीचे गणित

कावड वाहणारा माणूस कावडीचा मध्य कधी मोजत नाही. खांदाच त्याला तो सांगतो. डोंबाऱ्याच्या हातातील लांब बांबूही शोभेसाठी नसतो. या दोन परिचित दृश्यांत जे पदार्थविज्ञान दडलेले आहे, तेच नेमबाजीच्या रायफलीतही आहे. शाळेत शिकलेल्या तरफेच्या नियमाचा असा उपयोग विद्यार्थ्यांसमोर ठेवावा, एवढाच आमचा हेतू आहे.

लिव्हर रायफल ही एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेची देणगी. चापाभोवतीची कडी खाली ओढून परत वर घेतली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत जाते. 1873 आणि 1894 ची विंचेस्टर रायफल याच जातीची. आज अमेरिकेत या रायफलींनी कोंबडी, रानडुक्कर, टर्की आणि मेंढा यांच्या पोलादी आकृती उभ्याने पाडण्याच्या स्पर्धा होतात. हा प्रकार मेक्सिकोतून आलेला आहे. येथे कोणत्याही जिवाला इजा होत नाही. कस लागतो तो नेमबाजाच्या स्थैर्याचा.

उभ्याने नेम धरताना हात थरथरतो, श्वासाबरोबर छाती हलते. ही हालचाल पूर्ण थांबवता येत नाही, परंतु मंद करता येते. त्यासाठी प्रथम रायफलीचा गुरुत्वमध्य शोधावा. दोरीच्या फासात रायफल आडवी टांगली असता ज्या जागी ती समतोल राहते, ती जागा खुणेने नोंदवावी.

आता एक हिशेब पाहू. रायफलीचे वजन 3200 ग्रॅम असून गुरुत्वमध्य दस्त्याच्या टोकापासून 50 सेंमीवर आहे, असे समजू. दस्त्यात, टोकापासून 10 सेंमीवर, 200 ग्रॅम शिसे बसवले तर गुरुत्वमध्य सुमारे 47.6 सेंमीवर, म्हणजे जवळपास अडीच सेंटीमीटर मागे येतो. तेच वजन पुढे 90 सेंमीवर लावले तर तो तितकाच पुढे सरकतो. दोन्ही ठिकाणी लावले तर गुरुत्वमध्य जागचा हलत नाही. मात्र रायफल सहजासहजी डोलेनाशी होते. वजन मध्यापासून जितके दूर, तितका वळण्याला विरोध अधिक. आणि हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. डोंबाऱ्याच्या बांबूचे रहस्य हेच.

मग वजन वाढवीतच जावे काय? नाही. लिव्हर चालवताना उजवा हात दस्त्याची पकड सोडतो आणि क्षणभर पुढचा भार एकट्या डाव्या हातावर येतो. नळीकडील भार अधिक असेल तर प्रत्येक गोळीनंतर तोंड खाली झुकते आणि नेम नव्याने जमवावा लागतो. शिवाय नळीला चिकटवलेले वजन तिच्या कंपनात बदल करते. गोळी लागण्याची जागा सरकते आणि दर्शक पुन्हा जुळवावा लागतो. म्हणून बदल एका वेळी एकच आणि थोड्या ग्रॅमचा करावा, आणि तोही स्पर्धेच्या नियमांत बसणारा.

या रायफलीची आणखी एक खासियत आहे. तिची काडतुसे नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक असतात. प्रत्येकी 20 ग्रॅमची 5 काडतुसे म्हणजे 100 ग्रॅम. ती गुरुत्वमध्याच्या 25 सेंमी पुढे असतील, तर भरलेल्या रायफलीचा तोल सुमारे पाऊण सेंटीमीटर पुढे असतो आणि गोळ्या संपता संपता तो मागे येतो. पहिल्या आणि पाचव्या गोळीच्या वेळी रायफल हाताला वेगळी का लागते, याचे हे एक कारण.

सुरक्षिततेविषयी मात्र तडजोड नाही. तोल शोधण्यापूर्वी नळकांडे आणि नळी दोन्ही रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी व बोटाने करावी. आत राहिलेले एक काडतूस जीव घेऊ शकते. अशा नळकांड्यात टोकदार गोळ्या भरू नयेत, कारण मागील गोळीचे टोक पुढील काडतुसाच्या स्फोटक टोपीवर टेकते. शिसे हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत. हे सारे काम परवानाधारक, जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे.

2024 साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारची रायफल वेगळी असते आणि तिला 8 किलोची मर्यादा असते. परंतु गुरुत्वमध्याचा नियम तोच. एकाच्या अंगाला जुळलेला तोल दुसऱ्याला जुळेलच असे नाही. हातांची लांबी, खांद्यांची रुंदी, स्नायूंची ताकद प्रत्येकाची निराळी. वाढत्या वयाच्या मुलाच्या हाती पेलवणार नाही इतकी जड रायफल दिल्यास तो तिचा भार सावरण्यासाठी पाठ मागे वाकवतो, आणि ती वाईट सवय पदकापेक्षा अधिक काळ टिकते. म्हणून आधी शरीर सरळ उभे राहावे, आणि मगच शिशाच्या ग्रॅमांचा हिशेब मांडावा.